माडीवरची तार

रविवार, १४ मार्च १९३७

निरूने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, दादा गेल्यापासून तुम्ही बोलत नाही. निदान लिहा तरी." वही बरी आहे, रेघा आखलेली. आज दोन महिने झाले म्हणून आजपासून सुरुवात करतो.

दादा म्हणजे माधव, माझा मुलगा. संक्रांतीच्या दिवशी काय झालं ते आमच्या दांडिया बाजारात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा इथे पुन्हा लिहीत नाही. खरं सांगायचं तर ते वाक्य मला लिहिता येत नाही. रेल्वेत एकतीस वर्षं तारमास्तर होतो. लोकांचे बाप, बायका, मुलं गेल्याच्या हजारो तारा याच हाताने पाठवल्या. तेव्हा हात कधी अडला नाही. पाठवून झाली की चहा मागवायचो.

घरात तसं सगळं नीट चालू आहे. निरूची आई कौशल्या स्वयंपाक करते, मी पाटावर बसतो आणि उठतो. निरू कॉलेजात जाते. दुःख होतं आहे असंही म्हणवत नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, तसा सगळाच मी झालो आहे.

संध्याकाळी सहाला दाढी केली. सातला माडीवर गेलो. रतिलाल आला.

सोमवार, १५ मार्च

काल लिहिलं ते परक्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगतो. आता परकी माणसं माझी वही कशाला वाचतील ते ठाऊक नाही, पण अर्धवट मजकूर लिहायची सवय नाही.

माधवला हौशी रेडिओचा नाद होता. परवाना काढून, स्वतःच्या हाताने यंत्र बांधून तो तारेच्या भाषेत देशोदेशींच्या माणसांशी बोलायचा. ती भाषा मी शिकवलेली. चार वर्षांचा असताना पाटावर चमच्याने टकटक करायचा. त्याला नैरोबीत एक मित्र मिळाला, रतिलाल, मूळचा इकडच्या करजण गावचा. दोघांनी एकमेकांचं तोंड कधी पाहिलं नाही. दर रविवारी संध्याकाळी सातला रतिलाल माधवच्या परवान्याची अक्षरं वाजवून हाक मारायचा आणि मग अर्धा तास गप्पा चालायच्या. नैरोबीच्या रेल्वेच्या कारखान्यातल्या भानगडी, करजणच्या बाजारातली भजी, काय वाट्टेल ते.

तो अजून हाक मारतो. दर रविवारी. त्याला कळलेलं नाही.

कळवायचं काम माझं. पत्र लिहायला तीनदा बसलो. उत्तर वाजवावं तर माझ्या नावाचा परवाना नाही, आणि परवान्यावाचून एक अक्षरसुद्धा मी आजवर पाठवलेलं नाही. हे कारण चांगलं आहे. त्याच्या मागे दुसरं आहे तेही लिहून टाकतो. या जगात एक माणूस असा आहे की त्याच्या लेखी माधव अजून आहे, फक्त कुठे गुंतला आहे. त्या माणसाला कळलं की संपलं. म्हणून मी गप्प आहे. हे पाप असेल तर असो.

रविवार, २१ मार्च

सहाला दाढी. सातला रतिलाल.

आज फार क्षीण होता. माधवची अक्षरं कशीबशी कळली आणि मग पुढचं सगळं खरखरीत बुडालं. आमच्या मागच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे. तिची मोटर चालू झाली की हेडफोनमध्ये लाह्या फुटतात. पूर्वी असं व्हायचं नाही, कारण पूर्वी एरियल अगाशीवर, म्हणजे वरच्या गच्चीवर, उंच होतं. त्याच्या तारेत पतंगाचा मांजा अडकला होता, एवढंच लिहितो. त्याच दिवशी मी ती तार कापली. अगाशीच्या दाराला कुलूप आहे आणि किल्ली कौशल्येच्या कमरेला.

आता माडीतच छताखाली खिळ्यांवरून एक तार ओढली आहे. तिच्यावर जेवढं येईल तेवढं येतं.

खाली आलो तर कौशल्या ओटल्यावर तांदूळ निवडत होती.

"आला का?"

"आला."

"पूर्ण ऐकलंत?"

"ऐकायचं काय त्यात? तीच हाक."

ती तांदूळ निवडत राहिली.

गुरुवार, २५ मार्च

मोहनराव आले होते. माझ्याबरोबर तारेत होते, आता हिंचक्यावर झुलत गाव चालवतात. मी खरखरीचं बोललो तर म्हणाले, "संपतराव, घरातल्या तारेत काय राम आहे? अगाशीवर बांधा की परत. झकास ऐकू येईल." उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस. कौशल्या चहा घेऊन येत होती, ती दारातच थांबली. मोहनरावांना मग कळलं, आणि ते चहा न पिता गेले. मला राग यायला हवा होता. नाही आला. त्यांचा चहा मी प्यायलो.

दुपारी डाकवाल्याने निरूच्या हातात एक पाकीट दिलं. तिने ते चटकन पदराआड केलं. दुसऱ्याची डाक पाहायची नाही हा माझा एकतीस वर्षांचा नेम, म्हणून पाहिलं नाही. वय वीस आहे. कॉलेजात मुलं असतात. जे समजायचं ते समजलो. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. आज वाटलं, असू दे.

रविवार, २८ मार्च

फक्त माधवची अक्षरं. ती दोनदा. पुढे अर्धा तास गिरणी.

कागदावर नेमाप्रमाणे जेवढं ऐकलं तेवढंच उतरवलं आणि न ऐकलेल्या जागी रेघ मारली. अंदाजाने अक्षर भरायचं नाही, हे मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक माणसाला शिकवलं. पान भरून रेघाच आहेत.

उन्हाळ्यात नैरोबी आणखी क्षीण होईल, असं माधव म्हणायचा. म्हणजे एखाद्या रविवारी ती अक्षरंही येणार नाहीत. त्या विचाराने भीती वाटली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. बरं वाटलं असं नाही, पण काहीतरी वाटलं.

मंगळवार, ३० मार्च

माधवचं कबाट उघडलं. त्याच्या टिपणांची वही सापडली. अक्षर माझ्यासारखंच, बरंच वाईट. त्यात 'घरातलं एरियल' असं एक पान आहे. बहुधा पावसाळ्यासाठी करून ठेवलेलं.

त्याचं म्हणणं असं. एकच तार ओढली की गिरणीची खरखर तिच्यावर सरळ चढून यंत्रात येते. त्याऐवजी सारख्या लांबीचे दोन हात करावेत, एक इकडे, एक तिकडे. दोघांच्या मधून पीळ घातलेल्या दोन तारा खाली आणाव्यात. त्या यंत्राला थेट जोडायच्या नाहीत. मध्ये एका नळीवर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, एकावर एक. आतलं एरियलचं, त्याच्या बरोबर मध्यावरून एक तार जमिनीत. बाहेरचं यंत्राचं. खरखर दोन्ही तारांवर सारखीच चढते आणि वेटोळ्यात दोन बाजूंनी शिरून एकमेकींना मारते. लांबून आलेला आवाज तेवढा पलीकडे जातो.

खाली त्याने लिहिलं आहे: 'जे दोघांना सारखंच लागतं, ते मध्यावर जिरतं. पण दोन्ही हात सारखे हवेत. बाबांना दाखवणे.'

दाखवायचं राहिलं.

शनिवार, ३ एप्रिल

नळी मिळेना. पुठ्ठ्याची दबते, लोखंडाची चालत नाही. स्वयंपाकघरात चुलीशी वेळूची फुंकणी दिसली. अगदी हवी तेवढी जाड. कौशल्येला विचारलं. मला वाटलं बोलणी खावी लागतील. या तारांच्या नादापायी घराचं काय झालं, आणि वर फुंकणी मागतोय! तिने फुंकणी पदराने पुसली आणि पुढे केली.

"मग चूल कशी फुंकशील?"

"तोंड आहे ना मला? घ्या. चोक्कस, अगदी नक्की होईल ना पण त्याने?"

"होईल असं माधव म्हणतो."

म्हणतो, असं म्हणालो. तिने दुरुस्त केलं नाही.

दुपारभर वेटोळी घातली. तार जुन्या विजेच्या घंटेतून काढलेली, सुती वेष्टणाची. आतले वेढे झाले की मेणकागद, मग बाहेरचे वेढे, वर मेणबत्तीचं मेण. तीन वेळा उसवलं. हाताला काम असलं की हात आपला वाटतो, हे खरं.

संध्याकाळी गिरणीवाले पटेल ओटल्यावर आले. म्हणाले, "रावसाहेब, तमे बोलो ने, रविवारी सात वागे घंटी बंध राखूं. अर्ध्या कलाकात शुं जाय छे?" म्हणजे हिने सांगितलेलं दिसतं. गिरणी अर्धा तास बंद ठेवायला मी नाही म्हटलं. लोकांचं दळण वेळेवर गेलं पाहिजे. आमच्या घरात जे झालं त्यासाठी गल्लीच्या पोळ्या खोळंबायला नकोत. पटेल पायरी उतरले, मग वळून म्हणाले, "माधवभाई मला दरेक उतराणीला, संक्रांतीला, तिळाचे लाडू देता हता." आणि गेले.

रविवार, ४ एप्रिल

दाढी. सात. पालथ्या घड्यावर पाणी.

दोन हात ओढले, पीळ घातला, फुंकणी जोडली, जमिनीची तार नळाला लावली. खरखर थोडी कमी झाली, पण मजकूर येईना. रतिलालचा हात मात्र ओळखता आला. प्रत्येकाचा वाजवण्याचा हात वेगळा असतो, आवाजासारखाच. तो आज पुष्कळ वाजवत होता. नुसती हाक इतकी लांब नसते, असं क्षणभर वाटलं. मग वाटलं, बिचारा, पुन्हा पुन्हा हाक मारत असेल. आणि लाज वाटली. तिकडे एक माणूस दर रविवारी घसा फोडतो आहे आणि इकडे मी त्याच्या जिवावर मुलगा जगवतो आहे.

खाली कौशल्या चूल फुंकत होती, तोंडाने. फुंकर घालता घालता मध्येच गुणगुणली: डी डी डी डाऽ, डी डी डाऽ. माधवच्या हाकेची पहिली दोन अक्षरं. तिला ही भाषा येत नाही. तीन वर्षं खाली बसून ऐकलं असेल तेवढंच. मी दारातून मागे फिरलो.

गुरुवार, ८ एप्रिल

चूक सापडली. मला नाही, हिला.

चार दिवस मी वेढे मोजतो आहे, सांधे घासतो आहे. आज कौशल्या माडी झाडायला आली. केरसुणी घेऊन वर पाहत उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, ही बाजू लहान का?"

"कुठली?"

"ही. अगाशीकडची. त्या बाजूला तार भिंतीपर्यंत गेली, इथे दाराच्या अलीकडेच संपली की."

मोजलं. एक हात साडेसोळा फूट, दुसरा जेमतेम साडेतेरा. तीन फूट कमी. माधवच्या वहीत 'सारखे हवेत' याखाली दोन रेघा आहेत आणि मी तो कागद समोर ठेवून तार कापली होती. पुरी लांबी घेतली असती तर ती अगाशीच्या दाराच्या चौकटीवरून गेली असती. मी खिळा दाराच्या अलीकडे मारला आणि तिथेच थांबलो. मोजायला विसरलो असं नाही. मोजलंच नाही.

मी म्हटलं, "राहू दे. चाललंय ते बरं आहे."

"बरं कुठे आहे? तुम्हाला तर काही ऐकूच येत नाही." मग केरसुणी कोपऱ्यात ठेवून, "मी स्टूल धरते."

नवा साडेसोळा फुटांचा तुकडा कापला आणि स्टुलावर चढलो. दाराच्या वर हातोडी मारायची होती. दारापलीकडे अगाशी. फटीतून उजेड येत होता आणि पारव्यांचं घुमणं ऐकू येत होतं. खाली पाहिलं तर हिने स्टूल सोडून माझे दोन्ही पाय धरले होते, धोतरासकट, छातीशी आवळून. डोळे मिटलेले. स्टुलाची उंची दीड हात. मी म्हटलं, "अगं, एवढ्यावरून कोण पडतंय?"

ती म्हणाली, "मांजा काढायला चढला तेव्हा त्यालापण मी असंच म्हटलं होतं. संभाळ म्हटलं नाही."

खिळा एका घावात बसला. उतरलो तरी ती बराच वेळ सोडेना. मीही सोडवून घेतलं नाही. इतके दिवस मला वाटत होतं की त्या दिवसाचं ओझं माझ्या एकट्याच्या डोक्यावर आहे, कारण ती तार उंच बांध असं सांगणारा मी.

रविवार, ११ एप्रिल

हे नीट लिहिलं पाहिजे. हात थोडा वाईट चालतो आहे.

सहाला दाढी केली. सातला बसलो. गिरणी चालू होती. उद्या पाडवा, दळण भरपूर. हेडफोन लावले आणि वाटलं यंत्र बंद पडलं. खरखर जवळजवळ नव्हतीच. लांब कुठे तरी पाखडल्यासारखा आवाज, बस. आणि मग त्या शांततेत, शेजारच्या खोलीतून यावी तशी, माधवची अक्षरं.

मी लिहू लागलो. रतिलाल सावकाश वाजवत होता, नवशिक्यासाठी वाजवतात तसा. इंग्रजीत होतं. कागदावरून जसंच्या तसं मराठीत उतरवतो. एकही रेघ मारावी लागली नाही.

'रावसाहेब, नमस्ते. मी रतिलाल. आज आठवा रविवार. हाक माधवच्याच अक्षरांनी मारतो, कारण तेवढी तुमच्या कानाला नक्की लागतील असं माधवच्या बेननी लिहिलं आहे. उत्तर नको. परवाना नाही हे ठाऊक आहे. मागच्या वेळी इथवर ऐकलं असेल तर पुन्हा सांगतो म्हणून माफ करा. माझा मित्र गेला, त्याचे वडील ऐकत आहेत, म्हणून मी रविवारी कुठे जात नाही. नैरोबीत पाऊस आहे. कारखान्यात नवीन साहेब आला, जुन्याहून वाईट. माधवने मला सांगितलं होतं की बाबांचा हात सगळ्या रेल्वेत सर्वांत स्वच्छ. बेन विचारतात, तुम्ही जेवता का. पुढच्या रविवारी सातला.'

त्याने शेवटची खूण वाजवली. मग माधवची अक्षरं पुन्हा एकदा, अगदी हळू. मग काही नाही.

म्हणजे त्याला आठ आठवडे ठाऊक होतं. दर रविवारी तो मला हे सांगत होता आणि मी पान भरून रेघा मारत होतो. नेमाने अंदाज करत नाही म्हणतो, आणि सगळ्या रेघांचा एकच अंदाज करून बसलो होतो.

खाली आलो. पाय जड होते, पण माझे होते. कौशल्या चुलीशी होती. निरू पुस्तक उघडून बसली होती, वाचत नव्हती.

"आला का?"

"आला."

"पूर्ण ऐकलंत?"

"पूर्ण."

दोघी एकमेकींकडे पाहायला लागल्या. निरू रडायच्या बेतात. म्हणाली, "बाबा, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आईने सांगितलं आणि मी रतिलालभाईंना लिहिलं, हाक चालू ठेवा म्हणून. त्यांचं उत्तरही आलं, मागच्या महिन्यात." ते पाकीट. आणि मी कॉलेजातला कोण मुलगा म्हणून स्वस्थ बसलो होतो.

मी हिला विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस? मी तिकडे त्या माणसाला फसवतोय म्हणून झुरत होतो."

ती पोळी तव्यावरून काढत म्हणाली, "तो गेला त्याला तीन दिवस झाले होते. तुम्ही पाणीसुद्धा मागत नव्हता. रविवारी संध्याकाळी सहा वाजता उठलात, आरसा घेतलात आणि दाढीच्या पाण्याला हाक मारलीत. सुतकात दाढी करत नाहीत, तुमच्या ध्यानातही नव्हतं. मोहनराव बोलणार होते, मी खुणेने थांबवलं." पोळी ताटात टाकली. "म्हटलं, आठवड्यातून एक दिवस तरी हा माणूस उठतोय. ते मी बंद पडू देणार नव्हते."

मग तिचा आवाज फुटला. सुतकात, दिवसांत, कधी रडली नव्हती ती बाई चुलीपुढे बसून मोठ्याने रडली. मी शेजारी जमिनीवर बसलो. शेवटी म्हटलं, "रतिलाल विचारत होता, जेवता का." आणि मीही रडलो. गिरणी चालू होती म्हणून बरं, गल्लीत कुणाला ऐकू गेलं नसेल.

तिघं एका ओळीत जेवलो. पोळी करपली होती.

सोमवार, १२ एप्रिल

पाडवा. गुढी नाही. शेजाऱ्यांच्या गुढ्या खिडकीतून दिसतात. बांधोत बापडे.

फुंकणी परत करायला गेलो तर म्हणाली, "ती आता तिथेच राहू दे." निरू नवी आणेल.

सकाळी रतिलालला पत्र लिहायला बसलो. या वेळी चौथ्यांदा. दोन पानं लिहायचा विचार होता. आभार मानायचे होते, दोन सारख्या हातांबद्दल सांगायचं होतं, माझ्याकडून झालेली चूक कबूल करायची होती. तासभर बसलो. शेवटी तारमास्तरच तो. जेवढं अडलं होतं तेवढंच उतरलं, आणि तेच पाकिटात घालून निरूकडे दिलं:

माधव गेला. स्पष्ट ऐकू आलं. जेवलो.